डिझेल गाडीचा एअर फ्लो सेन्सर: बदलण्याआधी मोजा, मग धुवा, मग ठरवा

प्रश्न असा आहे: "२०१४ची १.३ लिटर डिझेल सेडान, सोलापूर पासिंग, सव्वा लाख किलोमीटर झालेत. तुळजापूरच्या घाटात पूर्वी चौथ्या गिअरवर चढायची, आता तिसऱ्यावरही दमते. ॲव्हरेज पडलंय. चेक इंजिनचा दिवा लागतो, गॅरेजच्या स्कॅनरवर पी०१०१ हा कोड आला. काळा धूर मात्र वाढलेला नाही. 'एअर फ्लो सेन्सर गेला, नवा टाकावा लागेल' असं सांगितलं. हा सेन्सर घरी साफ करता येतो का? आणि बदलायचाच झाला तर घरी बदलता येईल का?"

दोन्ही येतं. ज्यांनी घरी एअर फिल्टर बदलला आहे त्यांना हे काम जड जाणार नाही. पण 'सेन्सर गेला' हे अजून सिद्ध झालेलं नाही, आणि ते सिद्ध होईपर्यंत पाकीट उघडू नका. पी०१०१ एवढंच सांगतो की सेन्सरने कळवलेली हवा आणि ईसीयूच्या, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या, हिशोबातली हवा यांचा मेळ बसत नाही. चूक कोणाची, ते कोड सांगत नाही. सेन्सर मळलेला असेल, त्याच्या पुढचा रबरी पाइप चिरला असेल, फिल्टर गच्च झाला असेल किंवा ईजीआर व्हॉल्व्ह (इंजिनचा थोडा धूर पुन्हा आत सोडणारी झडप) उघडा अडकला असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. यातला सेन्सर बदलायला सगळ्यात सोपा, म्हणून बहुतेक ठिकाणी आधी तोच बदलला जातो. नवा सेन्सर टाकूनही तोच कोड घेऊन फिरणाऱ्या गाड्या माझ्याकडे नेहमी येतात, आणि त्या मालकांचे गेलेले पैसे पाहून वाईट वाटतं, कारण पाच मिनिटं बॉनेटखाली नीट पाहिलं असतं तर ते वाचले असते.

तुमच्या प्रश्नातलं सर्वात कामाचं वाक्य म्हणजे 'काळा धूर वाढलेला नाही'. त्याचा अर्थ लावायचा तर सेन्सर करतो काय ते कळायला हवं.

एअर फिल्टरच्या डब्यातून हवा बाहेर पडते त्या नळीत हा सेन्सर बसलेला असतो. नळीच्या आत डोकावणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यात एक बारीक वाट असते आणि तिच्यात विजेवर तापवलेला घटक असतो. जुन्या सेन्सरमध्ये ती प्लॅटिनमची तार असायची, मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही बारीक. नंतरच्या सेन्सरमध्ये तारेऐवजी चिपवर पातळ फिल्म आली. तत्त्व तेच आहे. हा घटक बाहेरच्या हवेपेक्षा ठरावीक अंशांनी गरम ठेवला जातो. गरम चहावर फुंकर घातली की तो निवतो, तशी अंगावरून जाणारी हवा या घटकाची उष्णता नेते. हवा जितकी जास्त, तितकी उष्णता जास्त जाते, आणि त्यावरून हवेचं वजन कळतं. बॉशच्या फिल्म सेन्सरमध्ये हीटरच्या अलीकडचं आणि पलीकडचं तापमान वेगवेगळं मोजतात, त्यामुळे उलटी येणारी हवासुद्धा ओळखता येते.

जुन्या तारेच्या सेन्सरमध्ये एक सोय होती. इंजिन बंद केल्यावर ती तार सेकंदभर सुमारे १००० अंशांपर्यंत लालभडक तापवली जायची आणि तिच्यावरची घाण जळून जायची. फिल्मच्या सेन्सरमध्ये अशी सोय नाही. चिपवर बसलेली धूळ आणि तेलाचा पापुद्रा तिथेच राहतो, उष्णतेला अडवतो, आणि सेन्सर खऱ्यापेक्षा कमी हवा सांगू लागतो. विशेषतः जास्त हवेच्या वेळी, म्हणजे नेमकं घाटात.

आता डिझेलमध्ये या आकड्याचं करतात काय? पेट्रोल गाडीत हवेच्या मापावर थेट इंधन ठरतं. डिझेलमध्ये इंधन तुमच्या पायावर ठरतं, पण हवेचं माप दोन गोष्टींवर राज्य करतं. एक, ईजीआर किती उघडायचा. दोन, धुराची मर्यादा: एवढ्या हवेत एवढंच डिझेल सोडायचं, त्यापुढे सोडलं तर काळा धूर होईल. म्हणून सेन्सर खऱ्यापेक्षा कमी हवा सांगत असेल तर ईसीयू डिझेल कापतो. गाडी दमते, पण धूर होत नाही. उलट ईजीआर उघडा अडकला असेल तर इंजिनला ताजी हवा खरोखरच कमी मिळते, गाडी दमतेही आणि बहुधा काळा धूरही ओकते. टर्बोच्या (हवा दाबून इंजिनात भरणाऱ्या पंख्याच्या) पुढच्या, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपला भेग असेल तर मोजून झालेली हवा मध्येच बाहेर गळते. सेन्सर जास्त सांगतो, इंजिनला कमी मिळते, म्हणजे पुन्हा धूर, सोबत रेस दिल्यावर फुस्स असा आवाज. आणि सेन्सर ते टर्बो या टप्प्यात गळती असेल तर न मोजलेली हवा आत ओढली जाते, सेन्सर कमी सांगतो, धूर नाही. ही शेवटची गळती सगळ्यात वाईट. कारण त्या फटीतून न गाळलेली धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर आणि तिथून सिलिंडरमध्ये जाते. सेन्सरचा खर्च परवडला, टर्बोचा परवडत नाही.

तेव्हा धूर नाही, दम नाही आणि पी०१०१ आहे, या तिन्हींवरून माझा अंदाज: एकतर सेन्सर मळलेला आहे, किंवा सेन्सर आणि टर्बोमधल्या पाइपला चीर आहे. नवा सेन्सर ही तिसरी शक्यता.

एक शंका इतर वाचकांसाठी इथेच मिटवतो. तुमच्या गाडीत हा सेन्सर आहे का, हे आधी पाहा. मारुतीच्या के-सिरीजमधल्या बऱ्याच पेट्रोल इंजिनांत तो नसतोच. तिथे मॅनिफोल्डमधला दाब मोजणारा मॅप सेन्सर असतो आणि हवा हिशोबाने काढली जाते. टोयोटा इनोव्हात तो आहे, फिल्टरच्या डब्यापुढच्या नळीवर दोन साध्या स्क्रूंनी बसवलेला. तुमच्या १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिनात आहे. हे इंजिन मूळ फियाटचं, १२४८ सीसीचं. पुण्याजवळ रांजणगावला बनलं आणि मारुतीनेही ते परवान्यावर बनवलं. इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत ते बसलं की त्याचे सुटे भाग आणि ते जाणणारी माणसं जिल्ह्याच्या ठिकाणी सहज मिळतात.

आता बॉनेट उघडा. इंजिन थंड, किल्ली काढलेली. आधी फिल्टर बाहेर काढा. सोलापूर, धाराशिव (पूर्वीचं उस्मानाबाद), बीड या भागातली धूळ पाहता पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट पाहू नका, ते आकडे बऱ्या रस्त्यांसाठी असतात. फिल्टर उजेडासमोर धरा. घड्यांमधून उजेड दिसत नसेल तर बदला. एखाद्या ठिकाणी टाचणीएवढा लख्ख ठिपका दिसत असेल तर लगेच बदला, कारण तिथे कागद फुटला आहे. हे भोक बहुधा पडतं ते कॉम्प्रेसरच्या हवेने. टायरमध्ये हवा भरतात त्या दाबाने, नळी कागदाला टेकवून फिल्टर 'साफ' केला जातो आणि कागदाचे तंतू फाटतात. हवा मारायचीच असेल तर दाब कमी ठेवा, नळी लांब धरा आणि स्वच्छ बाजूकडून मळक्या बाजूकडे मारा. मी स्वतः मारत नाही. फिल्टर सेन्सरच्या तुलनेत फार स्वस्त आहे. डब्याचं झाकण नीट बसतं का, क्लिपा तुटल्या आहेत का, रबरी कड जागेवर आहे का, तेही पाहा. डब्याच्या तळाला उंदराने आणलेली पानं, कापूस, शेंगांची टरफलं सापडली तर नवल नाही. मग सेन्सरच्या वायरीही तपासा, उंदीर त्याच रस्त्याने येतो.

मग सेन्सरपासून टर्बोपर्यंतचा रबरी पाइप. नुसता बघून चालणार नाही. त्याच्या चुण्या हाताने उघडून आत पाहायचं. चीर चुणीच्या तळाशी, खालच्या बाजूला असते आणि इंजिन थंड असताना मिटलेली असते. रेस दिल्यावर इंजिन हललं की उघडते. बोट फिरवून पाहा, खालून आरसा धरून पाहा. याच पाइपला इंजिनच्या ब्रीदरची, म्हणजे इंजिनमधले तेलाचे वाफारे बाहेर काढणारी, बारीक नळी जोडलेली असते, तिचं टोक सैल झालं आहे का पाहा. क्लॅम्प पान्याने एकदा आवळा. पाइपमध्ये थोडा तेलाचा ओशटपणा असणं साहजिक आहे, तो ब्रीदरमधून येतो. पण तेल साचलेलं असेल तर ब्रीदर किंवा टर्बो दाखवून घ्या, कारण इंजिन बंद झाल्यावर हेच तेलाचे वाफारे मागे सेन्सरपर्यंत चढतात आणि त्याच्यावर धूळ चिकटते. नवा सेन्सर टाकलात तरी काही महिन्यांत तो असाच होईल.

इथपर्यंत काही सापडलं नाही तर आकडे पाहायचे. ब्लूटूथचा ओबीडी अडॅप्टर (गाडीच्या निदानाच्या सॉकेटमध्ये लावायचा) आणि फोनवरचं ॲप पुरेसं आहे. बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१३पासून ओबीडी-२ बंधनकारक होतं, आणि सोलापूर हे २०१०मध्येच बीएस-४ लागू झालेल्या तेरा शहरांपैकी एक, त्यामुळे तुमच्या गाडीत जुळणी व्हायला अडचण येऊ नये. लाइव्ह डेटामध्ये 'मास एअर फ्लो' (एमएएफ) काढा.

तो आकडा किती असावा हे कोणाला विचारायची गरज नाही, घरी काढता येतं. इंजिन १.२४८ लिटरचं. फोर-स्ट्रोक असल्याने दोन फेऱ्यांत एकदा एवढी हवा घेतं. आयडलिंगला ८५० आरपीएम धरले तर मिनिटाला ४२५ वेळा, म्हणजे ५३० लिटर; सेकंदाला ८.८ लिटर. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंच, त्यात दुपारचं पस्तीस अंश तापमान. अशा हवेच्या लिटरचं वजन १.०९ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरले तर ९.६ ग्रॅम. पण ते पूर्ण भरत नाहीत, ८५ टक्के धरा. उत्तर आलं सेकंदाला सुमारे ८ ग्रॅम. तुमचं ॲप ताशी किलोग्रॅम दाखवत असेल तर २९-३०, आणि गॅरेजचा स्कॅनर मिलिग्रॅम प्रति स्ट्रोक दाखवत असेल तर २९०च्या जवळपास. मुंबईत समुद्रकाठी हाच आकडा थोडा जास्त येईल आणि महाबळेश्वरला लक्षात येण्याइतका कमी, कारण हवाच विरळ. घाटमाथ्यावर रीडिंग पडलं म्हणून कोणी घाबरू नये.

पण गरम इंजिनवर प्रत्यक्षात तुम्हाला चार-पाच ग्रॅम दिसतील, आणि ते बरोबर आहे. आयडलिंगला ईजीआर उघडा असतो, सिलिंडरची काही जागा सायलेन्सरकडे जाण्याऐवजी मागे वळवलेला धूर घेतो, तेवढी ताजी हवा कमी लागते. बऱ्याच डिझेल गाड्या काही मिनिटं उभ्या राहिल्या की ईजीआर बंद करतात. इंजिनचा आवाज किंचित बदलतो आणि आकडा उडी मारून वर जातो. ती उडी दिसली तर व्हॉल्व्ह हलतो आहे असं समजा. दिसली नाही तर किल्ली बंद करून ईजीआरचा इलेक्ट्रिक कनेक्टर काढा आणि पुन्हा चालू करा. वीज नसताना व्हॉल्व्ह स्प्रिंगने मिटतो. दिवा लागेल, लागू द्या. आकडा आठच्या आसपास गेला तर सेन्सर आयडलिंगला तरी खरं बोलतो. चार-पाचवरच अडकला तर दोन अर्थ: व्हॉल्व्ह काजळीने उघडाच अडकला, किंवा सेन्सर कमी सांगतो. तुमच्याकडे धूर नाही, तेव्हा माझं बोट सेन्सरकडे जाईल.

खरी परीक्षा मात्र भारावर. शेजारी कोणाला तरी बसवा, फोन त्यांच्या हातात द्या. मोकळ्या रस्त्यावर, तिसऱ्या गिअरमध्ये, १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३००० पार करा. या इंजिनावर निरोगी सेन्सर तिथे सेकंदाला पन्नास ग्रॅमच्या वर जाताना मी पाहतो. मळलेला सेन्सर तीस-पस्तीसला थबकतो आणि पुढे आरपीएम वाढले तरी सपाट राहतो. आयडलिंगला बरा आणि भारावर खोटा, हे मळलेल्या फिल्मचं ठरलेलं लक्षण आहे. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीवर पाहून दिलेला 'सेन्सर चांगला' हा दाखलाही मानू नका.

ॲप नसेल त्यांच्यासाठी जुना उपाय: किल्ली बंद असताना सेन्सरचा कनेक्टर काढून गाडी चालवून पाहायची. आकडाच मिळेना म्हटल्यावर ईसीयू ठरवून दिलेल्या हिशोबावर चालतो. कनेक्टर काढल्यावर गाडी जास्त चांगली ओढत असेल तर सेन्सरवरचा संशय बळावतो. मात्र काही गाड्या अशा वेळी लिंप मोडमध्ये (मुद्दाम कमी ताकदीवर) जातात आणि आणखी दमतात, त्यामुळे गाडी सुधारली नाही म्हणून सेन्सर निर्दोष, असा उलटा निष्कर्ष काढू नये. ही चाचणी घराजवळच्या फेरीपुरती करा, प्रवासाला निघू नका.

मल्टिमीटर असेल तर कनेक्टरवर किल्ली ऑन करून बॅटरीइतका, म्हणजे १२ व्होल्टच्या आसपासचा पुरवठा येतो का आणि अर्थिंग चांगलं आहे का ते पाहा. बॉशच्या जुन्या ॲनालॉग फिल्म सेन्सरवर, इंजिन बंद आणि किल्ली ऑन असताना, सिग्नलच्या वायरवर जवळजवळ नेमका १ व्होल्ट मिळतो. नंतरचे काही सेन्सर व्होल्टऐवजी फ्रीक्वेन्सी देतात, त्यांना ही कसोटी लागू नाही. सेन्सरच्याच पिनांवर हवेचं तापमान मोजणारा थर्मिस्टरही असतो. टोयोटात वापरल्या जाणाऱ्या सेन्सरवर २० अंशांना त्याचा रेझिस्टन्स २.२ ते २.७ किलोओहम असतो आणि हवा तापली की तो उतरतो. पुरवठाच येत नसेल तर दोष वायरिंगचा. कोकणातल्या गाड्यांत कनेक्टरच्या पिना हिरव्या पडलेल्या मला वारंवार दिसतात. तिथे कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांनी काम होतं.

आता साफ करणं. बॅटरीची निगेटिव्ह काढा. कनेक्टरला सरकवायचं लॉक असेल तर ते आधी सरकवा, मगच खटका दाबा. वायरला धरून ओढू नका. दहा वर्षं बॉनेटच्या उष्णतेत राहिलेलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं, आणि कनेक्टर तुटला तर साधं काम वायरमनचं काम होऊन बसतं. बॉशचे स्क्रू बहुधा मध्ये भोक असलेल्या टी२० स्टार बिटचे असतात. हा बिट हार्डवेअरच्या दुकानात सेटमध्ये मिळतो. साध्या स्क्रू ड्रायव्हरने किंवा पकडीने झटू नका, डोकं गोल होतं. स्क्रू काढताना नळीच्या उघड्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा. त्या वाटेने आत पडलेला स्क्रू टर्बोच्या पंख्याकडे जातो.

सेन्सर सरळ वर ओढून काढा. फवारा फक्त एमएएफ सेन्सर क्लीनर असं स्पष्ट लिहिलेल्या डब्याचा. कार्ब्युरेटर क्लीनर नको, थ्रॉटल बॉडी क्लीनर नको, ब्रेक क्लीनर नको. ते जोरकस असतात, प्लॅस्टिक आणि चिपवरचं आवरण खातात, काही मागे थरही सोडतात. डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा निळा-पिवळा डबाही नको, तो तेलकट थर ठेवतो. क्लीनर मिळत नसेल तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल बाटलीने हलकेच ओतलं तरी चालतं. मेडिकलमधलं हात धुवायचं सॅनिटायझर मात्र अजिबात नाही, त्यात ग्लिसरीन असतं. हाताच्या वीतभर अंतरावरून, चिप असलेल्या वाटेत आणि बाजूला दिसणाऱ्या थर्मिस्टरच्या मण्यावर, थोड्या थोड्या वेळाने दहा-पंधरा झटके मारा. खाली पांढरं फडकं धरा. पहिल्या काही झटक्यांत तपकिरी पाणी उतरलं तर घाण होती हे डोळ्यांनी दिसेल. कापसाची काडी, ब्रश, बोट, फुंकर, कॉम्प्रेसर, काहीही चिपला लावायचं नाही. ती फिल्म एका स्पर्शाने जाते आणि बाहेरून तसं दिसतही नाही. जाळी असेल तर ती ठोकू नका. मग अर्धा तास सावलीत उभा ठेवा. वाळायच्या आधी वीज देऊ नका: घटक तापतो, क्लीनर ज्वालाग्राही असतो. त्याच कारणाने हे काम गॅसजवळ किंवा बिडी-सिगारेट ओढत करायचं नाही.

बसवताना ओ-रिंग तडकली आहे का पाहा, तडकली असेल तर बदला. तिला सिलिकॉनचं गॅसकेट फासू नका. त्याचे वाफारे चिपवर बसतात. बाणाची दिशा फिल्टरकडून इंजिनकडे. स्क्रू बोटांच्या जोराने आवळा, मनगटाचा जोर लावला की प्लॅस्टिकचे आटे जातात. कोड पुसा आणि पुन्हा तीच तिसऱ्या गिअरची फेरी मारा. आकडा पन्नासच्या वर गेला तर काम झालं. सुधारला पण पुरता नाही, असं असेल तर एकदा परत धुवा. त्यानंतरही सपाट राहिला, पाइप आणि ईजीआर ठीक आहेत, तर मग सेन्सर बदला. तेव्हा मीही बदलाच म्हणेन. जुनाट फिल्म धुऊन पुन्हा पुन्हा जिवंत करत बसण्यात अर्थ नाही.

नवा घेताना जुन्यावरचा नंबर फोटो काढून न्या. बॉशच्या डिझेल सेन्सरवर ० २८१ने सुरू होणारा, पेट्रोलच्या सेन्सरवर ० २८०ने सुरू होणारा दहा आकडी नंबर असतो. टोयोटाच्या भागाचा नंबर २२२०४ने सुरू होतो. शेवटच्या आकड्यापर्यंत जुळला पाहिजे. 'तीच गाडी आहे, बसतो हो' हे दुकानदाराचं बोलणं मनावर घेऊ नका. बसतो म्हणजे चालतो असं नाही. सेन्सर नळीतल्या एका लहानशा भागातली हवा मोजतो आणि नळीच्या व्यासावरून एकूण हवेचा हिशोब ईसीयूत आधीच भरलेला असतो. स्क्रू आणि कनेक्टर जुळले, पण सेन्सर वेगळ्या व्यासाच्या नळीसाठीचा असेल, तर तो जन्मभर खोटंच सांगेल. नळीसकट मिळणारा आणि नुसता आतला तुकडा, असे दोन प्रकार मिळतात. नळी शाबूत असेल तर आतला तुकडा पुरतो, पण तो त्याच नळीचा हवा.

नकली मालाचं काय? कुर्ल्याचा सीएसटी रोड असो, पुण्याची नाना पेठ असो की ऑनलाइन दुकान, चांगला मालही तिथेच मिळतो आणि नकलीही तिथेच. खोक्यावर ठसठशीत नाव, आत हलका तुकडा, छापलेला नंबर नखाने पुसला जातो, किंमत कंपनीच्या निम्म्याहून कमी, एवढं दिसलं की परत द्या. नकली सेन्सर आयडलिंगला बरोबर आकडा दाखवतो, म्हणूनच तो खपतो. भारावर त्याचं पितळ उघडं पडतं. बिल घ्या, आणि परत घेण्याची अट आधीच बोलून घ्या. इलेक्ट्रिकल भाग बसवल्यावर बहुतेक दुकानं परत घेत नाहीत. कंपनीचा परवडत नसेल तर त्याच नंबरचा जुना, अपघातातल्या गाडीचा खरा सेन्सर धुऊन टाकणं मला नव्या नकलीपेक्षा बरं वाटतं.

बदलल्यावर कोड पुसणं पुरेसं असेलच असं नाही. बऱ्याच डिझेल ईसीयू जुन्या सेन्सरची सवय मनात धरून त्याप्रमाणे दुरुस्ती करत असतात. स्कॅनरमध्ये एअर मास सेन्सरचं अडॅप्टेशन किंवा रिप्लेसमेंट असा पर्याय असेल तर तो चालवून घ्या. साध्या फोनच्या ॲपमध्ये तो नसतो, त्यासाठी पाच मिनिटं गॅरेजला जावं लागेल. पेट्रोल गाडीत फ्युएल ट्रिम (ईसीयूने इंधनात केलेली कमी-जास्त) शून्यावर आणून काही दिवस चालवा आणि लाँग टर्म ट्रिम दहा टक्क्यांच्या आत राहते का पाहा.

दोन गोष्टी करू नका. ईसीयूला फसवण्यासाठी सेन्सरच्या वायरमध्ये जोडायचे 'पॉवर चिप' म्हणून मिळणारे रेझिस्टर टाकू नका, धुराची मर्यादाच मोडली की काजळीने ईजीआर आणि टर्बो दोन्ही भरतात. आणि 'ईजीआर कायमचा बंद करून टाका' हा सल्ला मानू नका. तपासणीपुरता कनेक्टर काढणं वेगळं, पत्रा टाकून व्हॉल्व्ह मारणं वेगळं. ते प्रदूषण नियंत्रणाच्या यंत्रणेशी केलेली छेडछाड आहे.

बीएस-६ डिझेल असेल तर घरी फक्त फिल्टर, पाइप आणि धुण्यापर्यंतच जा. तिथे चुकलेल्या हवेच्या मापाने डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरमध्ये) काजळी साचत जाते, आणि त्याचं रीजनरेशन, म्हणजे ती काजळी जाळून टाकणं, नीट होतं आहे की नाही हे कंपनीच्या स्कॅनरशिवाय पाहता येत नाही. वॉरंटीतली गाडी असेल तर स्क्रूला हातच लावू नका.

तुमच्या गाडीत आज फक्त तीन आकडे टिपा: गरम इंजिनवर आयडलिंगचा, ईजीआरचा कनेक्टर काढून आलेला, आणि तिसऱ्या गिअरमध्ये ३००० आरपीएमचा. सोबत त्या दिवशीचं तापमान. धुतल्यावर पुन्हा तेच तीन टिपा. हे सहा आकडे कागदावर असतील तर तुळजापूर रोडवरचा कोणताही जाणता मेकॅनिक दहा मिनिटांत सांगेल की सेन्सर विकत घ्यायचा की नाही, आणि तुम्हालाही त्याचं म्हणणं पटवून घेता येईल.